गाडी कुणाच्या नावावर?

लासलगावच्या बाजार समितीत कांदा क्विंटलमध्ये मोजला जातो, पण त्याच्याही आधी तो गाड्यांमध्ये मोजला जातो. सकाळी लिलाव सुरू होण्यापूर्वी ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप रांगा लावून उभ्या असतात, व्यापारी एकेका गाडीपाशी थांबत बोली लावत पुढे सरकतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आवकेची बातमी 'इतके नग' अशी येते. नग म्हणजे वाहन. १९४७ साली सुरू झालेल्या या समितीच्या आवारात सुरुवातीची वर्षं बैलगाड्यांची होती. बैलगाडीला ना नंबर असतो, ना कागद. ती कुणाची, हे गावाला माहीत असतं आणि तेवढं पुरतं.

आजही रांगेतल्या एखाद्या पिकअपपाशी उभं राहून "गाडी कुणाची?" असं विचारलं, तर "आमची" असं उत्तर येण्याची शक्यता जास्त. या 'आमची'त दोन भाऊ असतात, कधी तीन. डाउन पेमेंट एकाने केलेलं असतं, हप्ते दुसऱ्याच्या कांद्यातून गेलेले असतात, टायर बदलताना बायकोची बांगडी गहाण पडलेली असते. पण आरसी बुकात 'आमची' लिहायला जागा नसते. तिथे एक नाव लागतं. बहुतेक घरांत ते कुणाचं, हे सहज ठरतं: थोरल्याचं, किंवा ज्याचं बँकेत खातं चांगलं त्याचं, किंवा त्या दिवशी शोरूमला जायला जो मोकळा होता त्याचं. अडचण उभी राहते ती नावाचा माणूस गेल्यावर. त्यातच आरसी बुक सापडत नसेल, तर ती दुप्पट होते.

ही एकच जागा आली कुठून, हे पाहायला गेलं तर पॅरिसपर्यंत जावं लागतं. १८९३ साली तिथल्या पोलिसांनी हुकूम काढला, की प्रत्येक मोटारीवर धातूची पट्टी हवी आणि तिच्यावर मालकाचं नाव, पत्ता आणि परवानगीचा क्रमांक वाचता येईल असा हवा. रस्त्यावर नवं, वेगवान यंत्र आलं होतं. ते कुणाला उडवून पळून गेलं तर मागे लागायचं कुणाच्या, हा साधा प्रश्न होता. ब्रिटनने १९०३ च्या कायद्याने हेच केलं आणि १ जानेवारी १९०४ पासून तिथे नंबर प्लेट सक्तीची झाली. मुंबई इलाख्याने त्याच वर्षी, १९०४ मध्ये, मोटारींसाठी स्वतःचा कायदा केला. तेव्हा इथल्या मोटारी तशा थोड्याच. तरी कायदा झाला. पुढे १९१४ मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक मोटार कायदा आला, आणि त्याच्या जागी १९३९ चा आला. तो लागू झाला १ जुलै १९३९ ला. आजचा १९८८ चा कायदा लागू झाला १ जुलै १९८९ ला. मध्ये बरोबर पन्नास वर्षं. हा योगायोग मला गमतीचा वाटतो, त्यापलीकडे त्यात काही नाही.

या सगळ्या कायद्यांत नोंदणीचा मूळ हेतू 'मालकी कुणाची' हे ठरवण्याचा नव्हताच. हेतू होता, जाब कुणाला विचारायचा हे ठरवण्याचा. पोलिसांना एक माणूस हवा होता, कर वसूल करणाऱ्यांना एक माणूस हवा होता, आणि १ जुलै १९४६ पासून तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा झाल्यावर न्यायाधीशालाही एक माणूस हवा झाला. आपल्याकडे जुनी माणसं अजून 'आरसी-टीसी' असा जोडशब्द वापरतात. त्यातलं टीसी म्हणजे टॅक्स सर्टिफिकेट, १९५८ च्या मुंबई मोटार वाहन कर कायद्याखाली भरलेल्या कराचा दाखला. बुक जवळ असणं म्हणजे गाडी आपली असणं, हा अर्थ लोकांनी नंतर लावला. पैसे मोजून, गाडीचा ताबा घेऊन मालकी होते ती वस्तुविक्रीच्या कायद्याने. नोंद हा तिचा एक पुरावा, फार तर भक्कम पुरावा. ब्रिटनमध्ये तर आज नोंदणीपत्रावरच ठळक छापलेलं असतं, की हा मालकीचा पुरावा नव्हे. आपल्या कार्डावर तसं काही नाही, त्यामुळे आपण ते सातबाऱ्यासारखं कपाटात ठेवतो.

सातबाऱ्याशी ही तुलना मी मुद्दाम करतोय. निफाड तालुक्यातल्या कुठल्याही गावाचे जुने उतारे काढले तर एखाद्या नावाच्या मागे-पुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं सापडतात. बोलताना त्याचा 'एकुम्या' होतो. एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन वडिलोपार्जित, भाऊ चार, पण उताऱ्यावर थोरल्याचं एकट्याचं नाव, आणि सोबत ही तीन अक्षरं. ती वाचणाऱ्या तलाठ्याला कळायचं की या नावामागे आणखी माणसं उभी आहेत. एकुम्या वारला तर वारसांची नोंद करताना फक्त त्याची बायकामुलं बघून चालत नसे, भावांचीही चौकशी व्हायची. या पद्धतीने भांडणं कमी झाली असं नाही. एकुम्याच्या मुलांनी ती तीन अक्षरं दिसतच नसल्यासारखं करून जमीन विकल्याच्या कथा प्रत्येक गावात आहेत. तरीही, एक नाव हे अनेकांच्या वतीने लिहिलेलं असू शकतं, हे कागदाला मान्य होतं आणि ते लिहायची सोयही होती.

मोटार कायद्याला वस्तुस्थिती ठाऊक नाही असं नाही. १९८८ च्या कायद्यातल्या कलम ४१ मध्ये एक परंतुक आहे: गाडी एकाहून जास्त जणांच्या मालकीची असेल, तर त्यांच्यापैकी एकाने सर्वांच्या वतीने अर्ज करावा, आणि या कायद्यापुरता तोच गाडीचा मालक मानला जाईल. म्हणजे हा एकुम्याच झाला. फरक इतकाच, की त्याच्या नावापुढे तीन अक्षरं लिहीत नाहीत. अर्ज करताना 'सर्वांच्या वतीने' असतो, नोंद झाली की 'सर्व' गळून पडतात. मी पोटासाठी डेटाबेसची कामं करतो, त्यामुळे मला हे लगेच ओळखू येतं. ज्या तक्त्यात एकच रकाना ठेवलाय, तिथे दुसरं नाव चुकून राहिलेलं नसतं; ते नको, असं कुणीतरी ठरवलेलं असतं. इथे ठरवणाऱ्याचं कारण रास्त होतं. अपघात झाल्यावर चार भावांनी एकमेकांकडे बोट दाखवू नये.

अमेरिकेत गाडीच्या कागदाचा जन्मच निराळा. तिथे १९१९ मध्ये मोटारचोरीविरुद्ध केंद्रीय कायदा करावा लागला, इतकी चोरी बोकाळली होती, आणि त्या काळापासून राज्याराज्यांनी मालकी सिद्ध करणारं 'टायटल' द्यायला सुरुवात केली. ते नोंदणीहून वेगळं असतं. त्यावर दोन नावं येऊ शकतात, आणि अनेक राज्यांत त्या दोन नावांमध्ये 'आणि' छापलंय की 'किंवा', यावर एकजण गेल्यावर काय होणार हे ठरतं. 'किंवा' असेल तर सहसा मागे राहिलेल्याच्या एकट्याच्या सहीवर भागतं, 'आणि' असेल तर गेलेल्याच्या वारसांचा प्रश्न येतो. तिकडे राहणाऱ्या मराठी नवराबायकोंना हे उभयान्वयी अव्यय शाळेतल्या व्याकरणाहून जास्त महागात पडू शकतं.

आपल्याकडे नोंदीतला माणूस गेला, तर कलम ५० आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ५६ लागू होतो. मृत्यू झाल्यापासून तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं, की मालक वारला आणि गाडी मी वापरणार आहे. तसं कळवलं तर तीन महिने गाडी आपल्याच नावावर असल्यासारखी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलून घ्यायचं. विम्याची मुदतही याच्याशी जुळणारी आहे: एकट्याच्या नावावरची मोटार पॉलिसी मालकाच्या मृत्यूबरोबर लगेच संपत नाही; तीन महिने किंवा तिची मूळ मुदत, यातलं जे आधी येईल तोवर टिकते. सुतकाचे दिवस, दशक्रिया, तेरावा, नातेवाइकांचं येणंजाणं यात पहिले पंधरा दिवस कसे जातात ते कळत नाही. उरलेल्या पंधरा दिवसांत आरटीओला पत्र द्यायचं असतं हे माहीत असलेलं घर मी अजून पाहिलेलं नाही. मुदत टळली म्हणून हक्क जात नाही, दंड बसतो. पण मधल्या काळात गाडी ठोकली तर विमा कंपनीसमोर उत्तर देणं कठीण होतं.

या कलमातले शब्द नीट वाचण्यासारखे आहेत. अर्ज कुणी करायचा? 'वारसाने' असं तिथे म्हटलेलं नाही. 'गाडीचा ताबा ज्याच्याकडे आला त्या व्यक्तीने' असं म्हटलंय. नमुना ३१ च्या शीर्षकातही ताब्याचाच शब्द आहे. कारण इथेही कायद्याला मालक शोधायचा नाही, स्टिअरिंग कुणाच्या हातात आहे ते शोधायचंय. पण ताबा सिद्ध करायचा कशाने? खिडकीपलीकडच्या माणसाला आधार हवा, म्हणून तो वारसाचा पुरावा मागतो आणि बाकीच्या वारसांची ना हरकत मागतो. आणि या जागी भावांची गाडी अडकते.

आमच्या घरात हेच झालं. पिकअप वडिलांनी आणि काकांनी मिळून घेतली होती, नाव काकांचं. काका गेले तेव्हा गाडीचा ताबा वडिलांकडेच होता, म्हणजे आधीपासूनच होता. काका आडत्याकडचे व्यवहार बघत आणि वडील गाडी. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गाचे वारस कोण, तर विधवा, मुलगे, मुली आणि आई. भाऊ त्या वर्गात नाही. म्हणजे वारस ठरले काकू, दोन चुलत भावंडं आणि आमची आजी. आजी पंचाऐंशीच्या पुढची, तिने गाडीला कधी हात लावला असेल तो दसऱ्याला हळदकुंकू वाहताना. कायद्याने तिचा चौथा हिस्सा, आणि अर्धे हप्ते भरलेल्या माझ्या वडिलांचा काहीच नाही. हप्त्यांच्या पावत्या होत्या, त्याही काकांच्या नावाच्या, कारण कर्ज त्यांच्या नावाचं. वकिलांनी सांगितलं की अर्ध्या पैशाचा दावा करता येईल, वहीतल्या नोंदी आहेत, साक्षीदार आहेत. वडील म्हणाले, "कुणावर दावा करू? वहिनीवर?" तो विषय तिथेच संपला.

काकूंना गाडी चालवता येत नाही. तरी तिघांची ना हरकत घेऊन गाडी काकूंच्या नावावर करायची, असं ठरलं. दुसरा रस्ता होता: चौघांनीही वडिलांच्या बाजूने ना हरकत द्यायची आणि गाडी थेट त्यांच्या नावावर. काकूंच्या माहेरच्यांना तो नको होता, आणि त्यात त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही. घर, जमीन, पतसंस्थेतली ठेव, यातलं काहीही तोवर काकूंच्या नावावर नव्हतं.

वारस कोण, हे सांगणारा कागद मिळतो कुठून, याचाही इतिहास आहे, आणि तो मोटारीहून बराच जुना. महाराष्ट्रात दिवाणी न्यायालय जो वारस दाखला देतं, तो अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली देतं. पेशवाई बुडाल्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होता आणि त्याच्या कारकिर्दीत इलाख्याचे नियम एकत्र बांधून काढले गेले. त्यातला हा आठवा. त्याची रीत अशी, की वाद नसेल तर वारसाने न्यायालयाची वाट न बघता मयताची मालमत्ता सांभाळायला घ्यावी. ज्याला आपलं वारसपण मान्य करून हवं असेल त्याने अर्ज करावा, न्यायालयाने जाहीरनामा काढावा, हरकत असणाऱ्याने महिन्याच्या आत यावं, कुणी आलं नाही तर दाखला द्यावा. जाहीरनामा पूर्वी चावडीवर लागायचा, आता पेपरात छोट्या टायपात छापून येतो. निफाडच्या न्यायालयातून पिकअपसाठी निघणारा दाखला ज्या नियमाने निघतो, तो लिहिणाऱ्यांनी आगगाडीही पाहिलेली नव्हती.

बऱ्याच जणांना वाटतं की यासाठी 'सक्सेशन सर्टिफिकेट' लागतं. ते १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं, आणि मयताची येणी व रोखे यांच्यासाठी असतं. गाडी ना येणं आहे, ना रोखा. वाद नसलेल्या घरात बहुतेक वेळा प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांच्या सह्या यावर काम होतं, आणि न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही.

आता हरवलेल्या बुकाबद्दल. मूळ आरसी गहाळ झाली तर नियम ५३ प्रमाणे नमुना २६ भरून दुय्यम प्रत मिळते. हरवल्याची पोलिसांत नोंद लागते, आणि गाडीवर कर्ज असेल तर वित्तपुरवठादाराची संमती. हा अर्ज करायचा असतो मालकाने. मालक वारलेला. त्याचं नाव बदलायचं तर अर्जासोबत मूळ आरसी जोडायची. ती हरवलेली. कागदावर वाचलं तर हे कोडं सुटणारं नाही: मेलेल्या माणसाच्या सहीशिवाय प्रत नाही, आणि प्रतीशिवाय नाव नाही. प्रत्यक्षात वारसदार दोन्ही अर्ज आपल्या सहीने जोडून देतो आणि दोन्हींचे शुल्क भरतो. ज्याला हे ठाऊक नसतं तो साठेक किलोमीटरवरच्या नाशिकला, पेठ रोडवरच्या कार्यालयात, दोनतीनदा जाऊन येतो आणि मग एजंट गाठतो. एजंट विकतो ते ज्ञान एवढंच असतं, की कुठला कागद कुठल्या कागदाच्या आधी ठेवायचा. त्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण हा क्रम कुठल्याच नमुन्यावर छापलेला नसतो.

गंमत अशी, की बुक हरवण्याला आता पूर्वीइतका अर्थ राहिलेला नाही. एके काळी कार्यालयातलं रजिस्टर आणि मालकाजवळचं बुक या दोनच जागी नोंद असायची, आणि रजिस्टरात शोधणं हे कुणाच्या तरी मर्जीवर असायचं. 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि चार आकडे असलेल्या जुन्या नंबरांच्या गाड्यांची बुकं लोक म्हणून जिवापाड जपत. १९८९ च्या नियमांनी 'एमएच १५' सारखे जिल्हावार क्रमांक आणले, पुढे बुकाचं कार्ड झालं, नोंदी 'वाहन' या देशभराच्या संगणकीय नोंदवहीत गेल्या, आणि २०१८ पासून डिजिलॉकरमधली किंवा एम-परिवहनमधली प्रत पोलिसाला दाखवली तरी चालते. म्हणजे कार्ड हरवलं तरी नोंद हरवत नाही. हरवतं ते फक्त प्लास्टिक. तरी दुय्यम प्रतीचा अर्ज, पोलिसांचा दाखला, हे सारं बुकाच्या काळातलं तसंच चालू आहे. मात्र नोंदवही बदलली तरी रकाना तेवढाच राहिला. 'मालकाचं नाव', एकवचनी.

हे एकवचन कधीकधी फार कडक वागतं. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे अशी गाडी होती, जी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी हातोहात विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच्याच नावावर राहिली होती. अपघात झाला तेव्हा गाडी त्याच्याजवळ नव्हती. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच टाकली: जखमी माणसाने किंवा मयताच्या घरच्यांनी मालकांच्या साखळीमागे धावत बसायचं नाही, नोंदीतलं नाव हाच मालक. अपघातात सापडलेल्याच्या बाजूने पाहिलं तर मला हा निकाल पटतो. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की आमच्या पिकअपचा उद्या अपघात झाला आणि विम्यात काही खोट निघाली, तर जबाबदार धरल्या जातील त्या काकू, ज्यांना क्लच आणि ब्रेक यातला फरक सांगता येणार नाही.

२०२१ मध्ये नियमांत सुधारणा होऊन गाडीला नॉमिनी लावण्याची सोय आली. नोंदणीच्या वेळी किंवा नंतर ऑनलाइन नाव देता येतं, आणि मालक गेल्यावर नॉमिनीच्या नावावर गाडी होते, वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागत नाहीत. नॉमिनी भाऊही असू शकतो. वरवर पाहता सामाईक गाडीचा प्रश्न यात सुटतो. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे न्यायालयांनी विम्याच्या बाबतीत १९८४ मध्ये आणि शेअरच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. दुसरा निकाल तर 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातल्या वादातून आलेला. नॉमिनी मालमत्ता हातात घेतो, ती कुणाची ते वारसा कायदाच ठरवतो. तोच तर्क गाडीला लावला, तर नॉमिनी झालेल्या भावाच्या हाती कार्ड येईल आणि किंमत वहिनीच्या मुलांची राहील. म्हणजे पुन्हा एकुम्या, पुन्हा त्या तीन अक्षरांविना.

आमचं नवं कार्ड काकूंच्या नावाने आलं. नॉमिनीच्या जागी त्यांनी मुलीचं नाव दिलं. वडिलांना कुणीतरी विचारलं, तुमचं नाव का नाही लावून घेतलं? "लावून काय करू," ते म्हणाले, "गाडी तर मीच चालवतो." उन्हाळ कांद्याच्या हंगामात पहाटे साडेचारला तिचा नंबर लावायला अजून तेच जातात, आणि पट्टीचे पैसे आले की डिझेलचे बाजूला काढून उरलेल्याचे दोन भाग करतात. त्यातला काकूंचा भाग त्या आता रोख घेत नाहीत. स्वतःच्या खात्यावर टाकायला सांगतात.